घोड्यांचा हिंवाळी प्रवास



मार्गशीर्ष महिना लागला कीं तापीच्या कांठीं सारंगखेड्यास एकमुखी दत्ताच्या यात्रेची गडबड सुरू होते. हें गांव नंदुरबार जिल्ह्याच्या शहादें तालुक्यांत आहे, आणि दत्तजयंतीस, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास, येथें भरणारा घोड्यांचा बाजार महाराष्ट्राबाहेरहि नांवाजलेला आहे. मारवाडांतून आंत वळलेल्या कानांचे मारवाडी घोडे येतात, सौराष्ट्रांतून काठेवाडी येतात, पंजाबांतून पांढरे शुभ्र नुकरे येतात. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश येथील सौदागरहि आपापली जनावरें घेऊन उतरतात. त्याच्या आधीं एक महिना, कार्तिकी पौर्णिमेस, पुष्करचा बाजार होऊन गेलेला असतो. आणि पुढें पंधरा दिवसांच्या आंत नांदेड जिल्ह्यांत माळेगांवच्या खंडोबाची यात्रा भरते, तेथेंहि घोड्यांची मोठी खरेदीविक्री चालते. कित्येक जनावरांचा सारा हिंवाळा असा एका बाजारांतून दुसऱ्या बाजारांत जाण्यांत सरतो. जोधपुराहून सारंगखेडें सातआठशें किलोमीटर आहे, अमृतसराहून पंधराशेंच्या आसपास. हें अंतर घोडा आज स्वतःच्या पायांनीं चालत नाहीं. मालमोटारींत उभा राहून तोडतो.

या उभ्या प्रवासाची तयारी कशी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. बाजारांत घोड्याची चाल पारखणारे, दांत पाहून वय सांगणारे, अंगावरील भोंवऱ्यांवरून शुभाशुभ वर्तविणारे जाणते पुष्कळ भेटतात. परंतु हें जनावर येथवर कसें आलें, वाटेंत कितीदां पाणी प्यालें, मान कशी बांधली होती, असे प्रश्न विचारणारा गिऱ्हाईक विरळा. वास्तविक भोंवऱ्यांपेक्षां या प्रश्नांच्या उत्तरांवरच घोड्याचें पुढील पंधरा दिवसांचें भविष्य अधिक अवलंबून असतें.

घोडा गाडींतून उतरतो तेव्हां बहुधा धडधाकट दिसतो. मालकाचा जीव भांड्यांत पडतो. खरारा होतो, आयाळ विंचरली जाते, गिऱ्हाइकें फिरकूं लागतात. दुसऱ्या दिवशीं घोडा चंदी अर्धीच खातो. तिसऱ्या दिवशीं तो मान टाकून एका बाजूस उभा राहतो, आडवा होत नाहीं, पुढचे पाय किंचित् फांकवितो, आणि अंगाला हात लावला तर तें तापलेलें लागतें. मग कोणी म्हणतो नदीचें पाणी बाधलें, कोणी म्हणतो दृष्ट लागली, कोणी थंडीला दोष देतो. खरें कारण बहुतेक वेळां मागें वाटेंतच घडून गेलेलें असतें. त्या घोड्याच्या फुफ्फुसांत आणि फुफ्फुसांच्या आवरणांत जंतूंनीं ठाणें दिलेलें असतें. लांबच्या वाहतुकीनंतर येणाऱ्या या दुखण्याला पाश्चात्य पशुवैद्यांनीं प्रवासज्वर अशाच अर्थाचें नांव दिलेलें आहे. वेळेवर ओळखलें तर तें बरें होतें. उशीर झाला तर घोडा दगावतो, किंवा जगला तरी पूर्वीचा दम त्याच्यांत राहत नाहीं. ज्या घरची सारी पुंजी त्या एका जनावरांत गुंतलेली असते, त्या घराला हा घाव फार मोठा असतो.

हें असें कां होतें तें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण तयारीचीं सर्व कलमें यांतूनच निघतात. घोडा हा दिवसाचा बराच काळ मान खालीं घालून चरणारा प्राणी आहे. श्वासाबरोबर आंत जाणारी धूळ, गवताचे कण, जंतु हे सर्व श्वासनलिकेंतील ओलसर श्लेष्म्यांत अडकतात. आणि मान जमिनीकडे झुकलेली असली म्हणजे हा श्लेष्मा उताराला लागून सहज घशाकडे येतो व बाहेर पडतो. निसर्गानें ही मोरी घोड्याला अशी बसवून दिली आहे कीं ती मान खालीं असतांनाच चांगली वाहते. मान वर बांधून ठेवली म्हणजे त्याच श्लेष्म्याला चढण चढावी लागते. तो तेथेंच सांचतो, घशांत एरवीं निरुपद्रवीपणें राहणारे जंतु त्यांत उतरतात, आणि सहा ते बारा तासांत त्यांची संख्या अनेक पटींनीं वाढलेली आढळते. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, यासाठीं गाडी चालावीच लागते असें नाहीं. स्वतःच्या पागेंत तितका वेळ मान वर बांधलेल्या घोड्याच्या श्वासनलिकेंतहि हाच प्रकार घडतो. म्हणजे दोष रस्त्याचा नव्हे, दोराचा आहे.

आतां आपण गाडींत घोडा बांधतों तो कसा? आखूड दोरानें, तोंड छातीच्या बरेंच वर राहील असा. शेजारच्याला चावूं नये, दोरांत पाय अडकूं नये, भलतीकडे मान फिरवूं नये, हा त्यामागील हेतु. म्हणजे हेतु काळजीचाच आहे. दुसरी काळजी थंडीची. डिसेंबरांतील उत्तरेकडील रात्र, उघडी गाडी, वारा. म्हणून मालक चारी बाजूंनीं ताडपत्री आंवळून घेतो आणि वर घोड्याच्या अंगावर जाड झूल घालतो. आंत पांचसहा जनावरांचे श्वास, लीद आणि मूत्र. भिजलेल्या लीद-गवतांतून जो अमोनिया वायु सुटतो तो माणसाच्या डोळ्यांना झोंबतो, तसाच घोड्याच्या श्वासनलिकेलाहि झोंबतो आणि तिचें संरक्षक अस्तर दुबळें करतो. घोड्याचें शरीर ही एक मोठी शेगडी आहे. चार शेगड्या बंद खोलींत ठेवाव्या तसें होऊन जनावर झुलीखालीं घामानें निथळतें, आणि नंतर ताडपत्री उघडली कीं ओल्या अंगावर वारा घेतें. अंगावर हिंवाळी केस आलेला निरोगी, कोरडा घोडा कडाक्याची थंडीहि निमूटपणें सोसतो. या दोन काळज्यांनीं, म्हणजे आखूड दोरानें आणि बंद गाडीनें, जितके घोडे आजारी पडत असतील तितके निव्वळ थंडीनें पडत नाहींत, असें माझें स्पष्ट मत आहे. प्रवासाची तयारी म्हणजे तरी काय? या दोन्हींची गरज पडूं नये इतकें घोड्याला, गाडीला आणि माणसांना आधींच तयार करणें.

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न या स्वरूपांत पडलाच नव्हता. मराठ्यांच्या घोडदळाचें वर्षच मुळीं पावसाळी छावणी आणि हिंवाळी मुलूखगिरी अशा दोन भागांत विभागलेलें होतें. सभासदानें आपल्या बखरींत वर्णिल्याप्रमाणें पावसाळ्यांत लष्कर स्वराज्यांत छावणीस येई, तेथें दाणा-वैरणीचा सांठा आधींच करून ठेवलेला असे, आणि दसऱ्यास फौज बाहेर पडली म्हणजे आठ महिने परमुलुखांत वावरे. चिपळूणनजीकच्या छावणीवरील अंमलदारांना शिवाजी महाराजांनीं पाठविलेलें पत्र इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. दाणा आणि गवत आतांच मनास येईल तसें उधळलें तर ऐन पावसांत घोडीं उपाशीं मरतील, शिपाई मग कुणब्यांना उपद्रव देतील, गवताच्या गंजींजवळ चूल, दिवा, विस्तव यांची हयगय झाली तर सारीच वैरण जळून जाईल, अशी बारीकसारीक समज त्यांत दिलेली आहे. राजानें उंदरानें पळविलेल्या पेटत्या वातीचासुद्धां विचार करावा, याचें आपण कौतुक करतों. परंतु त्यांतील हिशेब ध्यानीं घेत नाहीं. दसऱ्याला निघणाऱ्या घोड्याची तयारी पावसाळ्याच्या तोंडालाच सुरू झाली पाहिजे, असा तो हिशेब होता.

पुढें तो घोडा मजल दरमजल चाले. मुक्कामाला खोगीर उतरे, अगाडी-पिछाडी लागे, आणि घोडा रात्रभर जमिनीवरची वैरण खात मान खालीं घालून उभा राहे. दिवसाची धूळ रात्रीं निघून जाई. मालमोटारीनें महिन्याची वाट दीड दिवसावर आणली, पण ही रात्रीची सोय मात्र मधल्यामधें गळून पडली.

लांबच्या वाहतुकींत घाई केली म्हणजे काय होतें, याचा सर्वांत मोठा आणि दुःखद धडा १८९९ ते १९०२ या काळांतील दक्षिण आफ्रिकेच्या बोअर युद्धानें दिला. ब्रिटिश सैन्यासाठीं अमेरिका, ऑस्ट्रेलिया, हंगेरी, अर्जेंटिना अशा दूरदूरच्या देशांतून जहाजें भरभरून घोडे आणले गेले. कित्येक आठवडे जहाजांत उभे राहून आलेलीं हीं जनावरें बंदरावर उतरतांच आगगाडींत चढविलीं जात आणि तेथून थेट मोहिमेवर पाठविलीं जात. विसावा नाहीं, नव्या हवापाण्याची संवय नाहीं, चाऱ्याची पुरेशी तरतूद नाहीं. त्या युद्धांत ब्रिटिशांकडील तीन लाखांहून अधिक घोडे मेले, आणि त्यांतील फारच थोडे गोळी लागून मेले. पोर्ट एलिझाबेथ येथें १९०५ सालीं त्यांचें स्मारक उभारण्यांत आलें. गुडघा टेकून घोड्यापुढें पाण्याची बादली धरणारा शिपाई, असें तें शिल्प आहे.

आपल्याकडे शर्यतींच्या घोड्यांचा हिंवाळी प्रवास त्या मानानें सुखाचा. पावसाळ्यांत पुण्यास शर्यती होतात आणि नोव्हेंबरापासून एप्रिलपर्यंत त्या मुंबईस महालक्ष्मीला भरतात. म्हणून पुण्याच्या पागांतील घोडे घाट उतरून मुंबईस येतात. अंतर दीडशें किलोमीटरांच्या आसपास, गाड्या खास बांधणीच्या, आणि बरोबर माहीतगार मोतद्दार. घाटाच्या उतरणींत पुढच्या पायांवर ताण पडतो हें खरें, पण घोडा कांहीं तासांतच ठिकाणावर पोंचतो. आपल्या विवेचनाचा विषय तो घोडा नव्हे. सबंध रात्र आणि सबंध दिवस मालमोटारींत काढणारा घोडा आहे.

त्याची तयारी महिनाभर आधीं सुरू करावी. पहिला प्रश्न, कोणता घोडा न्यावयाचा नाहीं? ज्याला खोकला आहे, ज्याच्या नाकांतून पाणी किंवा पू येतो, जो नुकताच आजारांतून उठला आहे, जी घोडी गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत आहे, त्यांना घरींच ठेवावें. मन कितीहि मोठें झालें, किंमत कितीहि चांगली येणार असली तरी ठेवावें. खोकणारें एक जनावर बंद गाडींत पांचांना खोकावयास लावतें, आणि बाजारांत पांचांचे पांचशें होतात. २००८ सालीं जम्मूकडील कटरा येथें घोड्यांचा इन्फ्लुएन्झा उद्भवला तो पाहतां पाहतां अनेक राज्यांत पसरला. १९८७ सालींहि अशीच सांथ आपल्या देशांत येऊन गेली होती. जनावरांची नेआण हेंच अशा सांथीचें वाहन. म्हणून इन्फ्लुएन्झाची आणि धनुर्वाताची लस पशुवैद्याच्या सल्ल्यानें टोंचून घ्यावी, आणि ती निघण्यापूर्वीं निदान दोनतीन आठवडे तरी आधीं, म्हणजे तिचा गुण अंगीं लागावयास अवधि मिळतो. आदल्या दिवशीं टोंचलेली लस ही केवळ कागदावरची लस.

कागदांचा उल्लेख आलाच आहे तर तेंहि उरकून टाकूं. जनावरांच्या वाहतुकीसंबंधीं १९७८ सालीं झालेल्या नियमांत घोड्यांसाठीं स्वतंत्र प्रकरण आहे. घोडा प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला बरोबर असावा लागतो. त्याखेरीज ग्लँडर्स या रोगासाठीं रक्ताची तपासणी करून घ्यावी. हा रोग माणसालाहि होतो, आणि त्याचें निश्चित निदान झालेलें जनावर ठार करावें लागतें. या तपासणीच्या कामीं हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचा अधिकार मोठा मानला जातो. तपासणीच्या निकालास दिवस लागतात, हें लक्षांत ठेवून रक्त वेळींच पाठवावें.

यानंतरचें काम घोड्याला गाडीची ओळख करून देण्याचें. घोड्याला गाडी म्हणजे अंधारी गुहा, आणि फळी म्हणजे पायांखालीं वाजणारी, डळमळणारी जमीन. गुहेंत शिरण्यास तो कां कूं करतो यांत त्याचा हट्ट नाहीं, शहाणपण आहे. उभी गाडी अंगणांत आणून ठेवावी, फळी घट्ट टेकवावी, तिच्यावर काथ्या किंवा गवत पसरावें, आणि आधीं एखादा शांत, सरावलेला घोडा चढवावा. नवख्याला मागून चाबूक दाखवूं नये. पुढें तोबरा दाखवावा. चार दिवस त्याची संध्याकाळची वैरण गाडींतच घालावी. मग यंत्र सुरू करून गाडी उभीच ठेवावी, मग गांवाबाहेर मैलभर हिंडवून आणावी. मारून चढविलेला घोडा चढतो खरा. परंतु तो भिजलेल्या अंगानें आणि धडधडत्या छातीनें प्रवासास आरंभ करतो, आणि परतीच्या दिवशीं चढतच नाहीं. उलट ज्याला गाडींत वैरण खाण्याची संवय लागली आहे, तो शांत उभा राहतो, आणि शांत उभ्या राहणाऱ्या घोड्याला आखूड बांधावें लागत नाहीं. आखूड दोराचें औषध असें अंगणांत सांपडतें.

पाण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. साडेचारशें किलो वजनाचा घोडा दिवसाला पंचवीस ते पंचेचाळीस लिटर पाणी पितो. परक्या गांवच्या पाण्याला वास वेगळा, चव वेगळी. कित्येक घोडे तें नुसतें हुंगतात आणि तोंड फिरवितात. चोवीस तासांच्या प्रवासांत घोड्याच्या वजनाचा विसावा हिस्सा, क्वचित् त्याहूनहि अधिक, घटतो, आणि त्यांतील बराच भाग पाण्याचा असतो. पाणी कमी पडलें कीं आंतड्यांतील वैरण सुकून तुंबते आणि पोटशूळ उठतो. घोड्याला ओकारी येत नाहीं. पोटांत गेलेलें पुढेंच सरकलें पाहिजे, मागें येण्याची वाट नाहीं. यावर एक जुना व सोपा उपाय आहे. निघण्यापूर्वीं आठवडाभर घरच्याच पाण्याच्या बादलींत थोडा गूळ विरघळवून द्यावा. घोड्याला त्या चवीची गोडी लागते. मग वाटेंत राजस्थानचें खारट पाणी असो कीं गुजरातचें नळाचें, त्यांत तोच गूळ घातला म्हणजे त्याला तें घरचें वाटतें. बादलीहि घरचीच न्यावी. शेवटच्या आठवड्यांत चंदीबरोबर रोज दोन मोठे चमचे मीठ दिलें तर तहानहि चांगली लागते.

चंदीविषयीं मात्र मला थोडें कठोर बोललें पाहिजे. लांबच्या प्रवासाला निघायचें म्हणून आदल्या रात्रीं हरभऱ्याचा दुप्पट तोबरा आणि वर तुपाचा रातीब देण्याची चाल कांहीं ठिकाणीं आढळते. मायेनें दिलेला हा घांस पोटांत दगडासारखा बसतो. व्यायाम नाहीं, पाणी कमी, आणि धान्य भरपूर, हा पोटशूळाला आणि खुरांच्या दाहाला आमंत्रण देणारा योग आहे. निघण्याच्या आदल्या दिवशीं चंदी निम्मी करावी, गाडींत मुळींच देऊं नये, आणि त्याची भरपाई गवतानें करावी. गवत पाण्यांत बुचकळून, निथळवून घालावें, म्हणजे धूळ उडत नाहीं आणि पोटांत पाणीहि जातें. दहा दिवस पुरेल इतकी घरची चंदी आणि थोडी घरची वैरण बरोबर घ्यावी. नवी वैरण तिच्यांत हळूहळू मिसळीत जावी. नाल बांधणें आठवडाभर आधींच उरकावें. आदल्या दिवशीं नाल मारला आणि खिळा जिवंत खुराला लागला असला तर तें कळतें वाटेंत, आणि वाटेंत नालबंद नसतो.

आतां गाडी. घोडे चढविण्यापूर्वीं मालकानें स्वतः आंत शिरून तळाच्या फळ्यांवर टांच मारून पाहावी. वरून चांगली दिसणारी फळी मूत्रानें खालून कुजलेली असते. फळ्यांवर रबराची किंवा काथ्याची जाड चटई, तिच्यावर पेंढा. प्रत्येक घोड्याला चारी पाय फांकवून तोल सांवरतां येईल इतकी जागा असावी. दाटीवाटीनें उभे केलेले घोडे एकमेकांच्या आधारानें सुरक्षित राहतात ही समजूत चुकीची आहे, ते एकमेकांना पाडतात. ताडपत्री वर असावी, पुढच्या बाजूस असावी; बाजूच्या वरच्या पट्टींतून मात्र हवा खेळती राहिली पाहिजे. वारा थेट तोंडावर येऊं नये, पण आंत कोंदटहि होऊं नये. मालकानें आंत उभें राहून खोल श्वास घ्यावा. त्याच्या डोळ्यांस झोंबलें तर घोड्याला रात्रभर झोंबणार आहे. झूल बरोबर ठेवावी. ती घालण्याआधीं हात खांद्याखालीं घालून अंग गार आहे कीं गरम हें पाहावें. दोर छातीच्या उंचीवर बांधावा, आणि इतका सैल कीं घोड्याचें तोंड सहज गुडघ्यापर्यंत खालीं जाईल. गांठ एका ओढीनें सुटणारी असावी. पाय अडकण्याची भीति असेल तर मध्यें आडवे दांडे घालून कप्पे करावे; त्याचा खर्च एका घोड्याच्या औषधापेक्षां कमी येतो.

गाडी चालविणाऱ्यास घोड्याची माहिती नसली तरी चालेल, पण एक गोष्ट त्याला समजावून सांगावी. मागें उभा असलेला घोडा विश्रांति घेत नाहीं. प्रत्येक वळणावर, प्रत्येक खड्ड्यावर तो चारी पायांनीं तोल सांवरीत असतो, आणि त्याला चालण्याइतकेच श्रम पडतात. एकदम दाबलेला ब्रेक त्याला दिसत नाहीं, नुसता बसतो. पुढें पाण्यानें कांठोकांठ भरलेला पेला ठेवला आहे असें समजून हांकावें. तीनचार तासांनीं गाडी सावलींत उभी करावी, यंत्र बंद करावें, दोर सोडून प्रत्येक घोड्याला अर्धा तास मान पुरती खालीं घालूं द्यावी. गवत त्या वेळीं पायांशींच टाकावें आणि पाणी पुढें धरावें. हा अर्धा तास चालकाला फुकट गेल्यासारखा वाटतो; वास्तविक प्रवासांतील सर्वांत मोलाचा वेळ तोच. लीद व भिजलेला पेंढा याच थांब्यावर काढून टाकावा. आठदहा तास झाले, आणि बारा तर कधींहि ओलांडूं नयेत, कीं घोडे खालीं उतरवून रात्रभर मोकळे बांधावे. श्वासनलिका पुनः स्वच्छ व्हावयास मान खालीं घातलेले आठ ते बारा तास लागतात. या हिशेबानें अमृतसराहून निघणाऱ्यानें तीन दिवसांची वाट धरावी. पंजाब-हरयाणांत डिसेंबर-जानेवारींत पहांटे दाट धुकें पडतें; त्या वेळीं रस्त्यावर असण्यापेक्षां घोडे उतरवून ठेवणें दोन्ही दृष्टींनीं शहाणपणाचें.

निघण्यापूर्वीं तीन दिवस सकाळ-संध्याकाळ घोड्याचें तपमान घेऊन एका वहींत लिहून ठेवावें. साधा तापमापक पुरतो. निरोगी घोड्याचें तपमान ९९.५ ते १०१.५ फॅरनहाइट अंशांच्या दरम्यान असतें, पण प्रत्येक जनावराचा स्वतःचा एक आंकडा असतो, आणि तो माहीत नसेल तर पुढें ताप ओळखणें अवघड जातें. हेंच काम ठिकाणावर पोंचल्यावर निदान तीन दिवस चालू ठेवावें. सारंगखेड्यास उतरल्याबरोबर घोडा पंधरा मिनिटें हातीं धरून फिरवावा. घोडा न फिरविल्यानें अडतो, हें आपल्याकडे लहान मुलालाहि कोड्यांतून ठाऊक असतें. मग गुळाचें पाणी द्यावें, वैरण जमिनीवर घालावी, आणि सैल बांधून एकटें सोडावें. पहिला दिवस त्याचा आहे. यात्रेंत घोडे नाचविण्याच्या चढाओढी होतात, गिऱ्हाईक दौड पाहूं मागतो. कांहीं झालें तरी त्या दिवशीं नाहीं म्हणावें. थकलेल्या फुफ्फुसांवर घेतलेली एक दौड सुप्त आजाराला जागा करते.

घोडा चंदी टाकूं लागला, नाकपुड्या फुलवून भराभर श्वास घेऊं लागला, आडवा होण्याचें टाळूं लागला, किंवा तपमान १०१.५ च्या वर गेलें, तर खोकला ऐकूं येण्याची वाट पाहूं नये; तो उशिरा येतो, कधीं येतहि नाहीं. घरगुती काढा आणि ताप उतरविणाऱ्या गोळ्या देऊन ताप लपवूं नये. यात्रेंतील पशुवैद्यास त्याच तासाला बोलवावें, आणि वहींतील आंकडे त्याच्यापुढें ठेवावे. पहिल्या दिवशीं सुरू झालेल्या उपचारांत आणि चौथ्या दिवशीं सुरू झालेल्या उपचारांत घोड्याचा जीव एवढा फरक असतो.

बाजार आटोपल्यावर ज्यांना माळेगांव गांठावयाचें आहे त्यांच्यापुढें आणखी पांचसहाशें किलोमीटरांची वाट असते, आणि हातीं दिवस मोजके असतात. ज्या घोड्याचें तपमान तीनहि दिवस घरच्या आंकड्याशीं जुळलें, जो चंदी संपवितो आणि रात्रीं आडवा होऊन झोंपतो, तो खुशाल न्यावा. गूळ, बादली आणि तोच सैल दोर बरोबर घेऊन. ज्याविषयीं शंका आहे तो सारंगखेड्यासच एखाद्या विश्वासू माणसाच्या स्वाधीन करून ठेवावा, आणि परततांना घेऊन जावा.